दादाच्या स्लाइड्स

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वहिनींनी न्यू जर्सीतलं घर विकून काँडोमध्ये जायचं ठरवलं. बेसमेंट रिकामं करायला आम्ही गेलो, तर जुने दिवाळी अंक आणि मुलांचे स्की-बूट यांच्यामागे कॅरोसेलचे अकरा ट्रे निघाले. एकेका ट्रेमध्ये ८० स्लाइड्स. "आता कोण बघणार या? टाकून द्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण ट्रेवरची धूळ पदराने पुसत म्हणाल्या.

साठ-सत्तरच्या दशकात इथे आलेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. जेवणं झाली की भिंतीवर पांढरी चादर लागायची, प्रोजेक्टरचा पंखा घरघरायचा आणि यजमान "आता नायगारा दाखवतो" म्हणायचा. श्रीखंड-पुरीनंतरच्या त्या अंधारात निम्मे पाहुणे झोपायचे. आमचा दादा मात्र प्रत्येक स्लाइडला रंगात येऊन बोलायचा. आता तो नाही.

या स्लाइड्स बहुतेक कोडाक्रोमवर घेतलेल्या. १९३५ साली आलेली ही फिल्म लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी शोधून काढली. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं आधीच असतात. कोडाक्रोममध्ये ती फिल्म धुताना घालावी लागत. म्हणून घरच्या डार्करूममध्ये हे काम जमत नसे, रोल पोस्टाने लॅबला पाठवावा लागे. कोडॅकने २००९ मध्ये ही फिल्म बंद केली आणि कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल घेतले. शिवाय स्लाइडला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात होता तोच फिल्मचा तुकडा आपल्या हातात असतो. तो गेला की फोटो गेला.

पहिला ट्रे मी एका दुकानात स्कॅन करायला दिला. परत आले ते फोटो निळसर, आणि माणसांच्या कडा खरवडल्यासारख्या. दुकानदाराचा दोष अर्धाच. धूळ आपोआप काढणारे स्कॅनर इन्फ्रारेड प्रकाशावर चालतात. साध्या रंगीत फिल्ममधून तो आरपार जातो, पण कोडाक्रोम तो थोडा अडवते, आणि मशीनला चित्रातला गडद भागच धूळ वाटतो. तेव्हा दुकानात देणार असाल तर ती सोय बंद करायला सांगा.

मी मग स्वतःच बसलो. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून लावला, खाली एलईडी लाइट-पॅनेल, त्यावर स्लाइड. लेन्स मॅक्रो हवी, कारण स्लाइडचं चित्र जेमतेम २४ बाय ३६ मि.मी.चं. माझी जुनी ५५ मि.मी.ची मायक्रो-निक्कर एकटी निम्म्या आकारापर्यंतच पोचते, म्हणून मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब घातली. कॅमेरा आणि स्लाइड अगदी समांतर हवेत. त्याला एक सोपी युक्ती आहे. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं. आयएसओ १००, एफ ८, शटरला दोन सेकंदांचा टायमर, खोलीतले दिवे बंद. फाइल रॉ ठेवा, म्हणजे कोडाक्रोमच्या काळ्याभोर सावल्यांतून नंतर काहीतरी वर काढता येतं. धूळ रबरी ब्लोअरने उडवा. बुरशी दिसली तर पाणी अजिबात लावू नका. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र बोटाला येतं.

एका संध्याकाळी एक ट्रे होतो. चौथ्या ट्रेला एक गोष्ट ध्यानात आली. १९७४ च्या पुण्याच्या वारीतला आमच्या आईचा तुळशीपाशी उभा फोटो. दादाचा सगळ्यात लाडका, प्रत्येक दिवाळीत भिंतीवर यायचा. तोच सगळ्यात फिका निघाला. त्याच रोलमधला दुसरा, ज्यात आईने नेमके डोळे मिटले होते आणि म्हणून जो डब्याबाहेर कधी आलाच नाही, त्यातलं डाळिंबी लुगडं कालच नेसल्यासारखं!

याचं कारण आहे. अंधारात कोडाक्रोमइतकी टिकाऊ रंगीत फिल्म क्वचितच, पण प्रोजेक्टरचा प्रखर दिवा तिला सोसत नाही. हेन्री विल्हेल्म यांनी १९९३ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात हे मोजून दाखवलं आहे. आपण हौसेने दाखवून दाखवून लाडक्या स्लाइड्सच आधी मारल्या. म्हणून आता निवड करायला प्रोजेक्टर लावू नका; लाइट-पॅनेल आणि भिंग पुरे. आणि नापास स्लाइड्स फेकू नका. डोळे मिटलेल्या आईचं लुगडं शेजारी ठेवून मी उघड्या डोळ्यांच्या आईचे रंग कॉम्प्युटरवर जुळवले.

रंग जुळतात, नावं जुळत नाहीत. चौकटीवर छापलेला महिना फोटोचा नव्हे, फिल्म धुतल्याचा असतो. दादा काटकसरी. ३६ फोटोंचा रोल दिवाळीला सुरू व्हायचा, थँक्सगिव्हिंग आणि स्नो घेत घेत फेब्रुवारीत संपायचा! त्यामुळे छापाप्रमाणे आमची दिवाळी फेब्रुवारीत. मग वहिनींना शेजारी बसवलं, फोन रेकॉर्डिंगला लावला आणि एकेक स्लाइड स्क्रीनवर आणली. तीन ट्रे असे झाले. आधी "मला काय आठवतंय" म्हणणाऱ्या वहिनी चाळीस मिनिटांनी कोणाचं कोणाशी का बिनसलं इथपर्यंत पोचल्या. (तो भाग पुसून टाकायचं वचन दिलंय.)

१९७२ च्या पिकनिकच्या फोटोत टेबलाच्या टोकाला एक मिशीवाले गृहस्थ आहेत. वहिनींनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. "नाव काही आठवत नाही. पण बटाटेवडे यांनीच आणले होते, आणि चटणी विसरले होते."

फाइलला तूर्त तेच नाव दिलंय. अजून आठ ट्रेंची नावं बाकी आहेत, आणि वहिनी काँडोत जाणार त्या पुढच्या महिन्यात.