हस्तकौशल्य, तंत्रज्ञान आणि आपली मुले

शाळेत कार्यशाळा सुरू करण्याचा विषय निघाला की पालकांपैकी कोणीतरी हमखास म्हणतात, "आम्ही मुलांना शिकायला पाठविले आहे, करवत-हातोडा तर घरीही होता." हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यानुपिढ्या हाताचेच काम आले आणि लेखणी नाकारली गेली, त्याने अशा शिक्षणाकडे संशयाने पाहणे स्वाभाविक आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. ती जातीचा धंदा मुलांच्या गळ्यात बांधते, म्हणून तीव्र विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली.

मग शालेय तंत्रज्ञान-प्रकल्प वेगळे कसे? फरक हत्यारांत नाही. आराखडा कोणाचा, यात आहे. हाताखालचा पोऱ्या ठरलेली वस्तू ठरलेल्या रीतीने करतो. प्रकल्पात मुलांपुढे वस्तू नव्हे, गरज ठेवली जाते.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने या शतकाच्या आरंभी असे प्रकल्प तयार करून शहरी व ग्रामीण मराठी शाळांतही राबविले. त्यांतील एक होता वजन उचलणाऱ्या पवनचक्कीचा. गटाने आधी चर्चा करायची, कच्ची चित्रे काढायची, मग मापांसह रेखाटन, साहित्य आणि कामाचा क्रम, कात्री त्यानंतर. पाती वाऱ्याला अगदी समोरासमोर लावली तर चक्की नुसती मागे रेटली जाते, फिरत नाही. ती तिरपी हवीत. दोरा गुंडाळणारा आस जाड घेतला तर वजन भराभर वर यावे, पण त्याला जोर अधिक लागतो आणि मंद वाऱ्यात चक्की थांबते. बारीक आसावर तेच वजन सावकाश, पण निश्चित चढते. पाठ्यपुस्तकातील बल आणि त्रिज्या येथे मुलाला बोटांनी कळतात. शेवटी गट आपले व दुसऱ्यांचे काम तपासतो. आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि वेळ संपला म्हणून शाळांकडून बहुधा गाळला जातो तोही हाच.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशी त्याची चार अंगे आहेत. मुले खरे काम करतात आणि त्याचा खर्चही मांडतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या आणि त्याच निवेदनात सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे तांत्रिक प्रशिक्षणाची सोयही मागितली. विद्यापीठ आणि कारखाना, दोन्ही दारे त्यांना उघडी हवी होती.

साकोलीसारख्या धानाच्या आणि तलावांच्या मुलखात प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. आषाढ-श्रावणात वसतिगृहातील ओले कपडे, हा माजी विद्यार्थ्यांच्या चांगल्या ओळखीचा विषय! वऱ्हांड्यात कप्पीने खाली-वर होणारी बांबूची वाळवण मुलांनी रचावी. ओल्या चादरीचे वजन किती, बांबू कितपत वाकतो, पाचवीतल्या मुलाचा हात कोठवर पोहोचतो, ही मापे त्यांनीच घ्यावीत.

आपल्यापैकी जे फिटर, वीजतंत्री, गवंडी वा अभियंता आहेत, त्यांनी एखादा रविवार शाळेला द्यावा, ही विनंती. आल्यावर प्रथम मुलांची रेखाटने पाहावीत. आणि बांबू वाकलाच, तर नवे माप त्यांनाच काढू द्यावे.