डेटाबेस-स्थलांतर आणि सारण्यांची ‘उर्फ’ नावे

प्रस्तावना : जुन्या इंग्रजी कागदपत्रांत यवतमाळचे स्पेलिंग आजच्याहून निराळे आढळते. गाव तेच, लिहिण्याची रीत वेगळी. वाचणाऱ्या माणसाला त्यात अडचण वाटत नाही. संगणकाला मात्र वाटते. महाविद्यालयाच्या विद्यार्थी-नोंदी किंवा ग्रंथालयाची देवघेव एका संबंधाधिष्ठित डेटाबेसमधून दुसऱ्यात नेताना माहिती बहुधा सुखरूप पोहोचते. अडतात त्या वर्षानुवर्षे लिहिलेल्या पृच्छा. त्यातील सारण्यांच्या टोपणनावांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टोपणनावाची गरज : जिल्ह्यात १६ तालुके आहेत. त्यांची एकच ‘तालुका’ सारणी असते. परंतु विद्यार्थ्याचा मूळ तालुका मारेगाव व निवासाचा तालुका यवतमाळ असल्यास तीच सारणी एका पृच्छेत दोनदा जोडावी लागते. अशा वेळी ‘मूळ’ व ‘निवास’ अशी दोन उर्फ नावे दिल्याखेरीज गत्यंतर नाही.

प्रणालींतील भेद : सारणीनाम व टोपणनाव यांमध्ये ‘अ‍ॅज’ हा शब्द मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हर स्वीकारतात, ओरॅकलच्या १९सी पर्यंतच्या आवृत्त्या नाकारतात. तो गाळल्यास सर्वत्र चालते, म्हणून गाळणेच श्रेयस्कर. उपपृच्छेला टोपणनाव देणे ओरॅकलमध्ये ऐच्छिक, तर मायएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हरमध्ये सक्तीचे आहे. पोस्टग्रेएसक्यूएलने ही सक्ती २०२३ मधील १६ व्या आवृत्तीत काढली. ओरॅकलमध्ये सारणीला ‘सिनोनिम’ हे कायमचे पर्यायी नाव देता येते. मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल यांत ती सोय नाही. तेथे ‘व्ह्यू’ निर्माण करून काम भागवावे लागते.

विंडोजवरून लिनक्सवर जाताना आणखी एक अडचण येते. मूलभूत मांडणीत लिनक्सवरील मायएसक्यूएल टोपणनावातील रोमन लिपीची लहान व मोठी अक्षरे भिन्न मानते, विंडोजवर मानत नाही. त्यामुळे काल चालणारी पृच्छा आज चूक दाखविते.

मूक चूक : वरील सर्व दोष संगणक स्वतःच दाखवितो, म्हणून ते फारसे घातक नाहीत. खरा धोका निराळा आहे. समजा, ‘सोडून गेलेले’ या सारणीत ज्यांचा सभासद-क्रमांक आहे, त्यांच्या नोंदी ‘सभासद’ सारणीतून वगळावयाच्या आहेत. स्थलांतराच्या वेळी ‘सोडून गेलेले’ सारणीतील त्या स्तंभाचे नाव कोणीतरी बदलले, पण जुनी पृच्छा तशीच राहिली. आतील सारणीत तो स्तंभ न सापडल्याने डेटाबेस बाहेरील ‘सभासद’ सारणीतील त्याच नावाचा स्तंभ घेतो. ही प्रमाण एसक्यूएलची रीतच आहे, कोणा एका प्रणालीचा दोष नव्हे. मग प्रत्येक सभासदाचा क्रमांक स्वतःशीच ताडला जातो, आणि आतील सारणीत एक जरी नोंद असली तरी क्रमांक असलेले सर्व सभासद पुसले जातात. चुकीचा संदेश येत नाही. उलट काम यशस्वी झाल्याचे कळते!

उपाय साधा आहे. प्रत्येक स्तंभनामापूर्वी त्याच्या सारणीचे टोपणनाव लिहावे. तसे लिहिले असते तर आतील सारणीत स्तंभ नाही हे लगेच उघड होऊन पृच्छा थांबली असती. वगळण्याच्या आज्ञेत टोपणनाव कोठे लिहावे याची रीत मात्र प्रणालीगणिक बदलते. म्हणून अशा आज्ञा हाताने तपासाव्यात. प्रथम तीच अट घालून केवळ नोंदी मोजाव्यात, संख्या अपेक्षेइतकी असल्यासच व्यवहार कायम करावा. मायएसक्यूएलमधील ‘मायआयसॅम’ प्रकारच्या सारण्यांत व्यवहार मागे घेता येत नाही. तेथे आधी सारणीची प्रत काढून ठेवावी.