बर्फाची पेटी

बाजारात जिला आइसबॉक्स किंवा चिलर म्हणतात, ती बर्फाची पेटी थंडी निर्माण करत नाही. बाहेरची उष्णता आत शिरण्याचा वेग कमी करायचा, एवढेच तिचे काम. आत शिरलेली उष्णता गिळण्याचे काम बर्फाचे, आणि ते तो वितळून करतो. ० अंश सेल्सिअसचा १ किलो बर्फ पूर्ण वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत १ किलो पाणी ० अंशापासून ८० अंशांपर्यंत तापेल. त्या मानाने घरच्या फ्रीझरमधला उणे १८ अंशांचा बर्फ ० अंशावर यायला जेमतेम ३८ किलोज्यूल लागतात. म्हणून बर्फ किती गार आहे यापेक्षा तो किती किलो आहे, याला महत्त्व जास्त.

भिंतीत हवा कोंडून उष्णता अडवण्याची युक्ती जुनी आहे. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्याला सुमारे १८० टन बर्फ पाठवला. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी जहाज पोहोचले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. तळ्यातून कापलेल्या लाद्या एकमेकींना घट्ट भिडवून रचायच्या आणि भोवती लाकडाचा भुसा भरायचा, हेच ट्यूडरच्या धंद्याचे तंत्र. हा बर्फ उतरवून ठेवायला कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे बर्फघर आजही चेन्नईच्या किनाऱ्यावर आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली तिथे राहिले होते, त्यामुळे आता त्याला विवेकानंद इल्लम म्हणतात. रसवंतीवाले आणि गोळेवाले लादी गोणपाटात गुंडाळून भुशात ठेवतात, तेव्हा ट्यूडरच्याच तंत्राचा वापर होतो.

आजच्या पेट्यांत भुशाची जागा दोन पदार्थांनी घेतली आहे. पहिला थर्मोकोल, म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन. त्याच्या आकारमानात ९५ टक्क्यांहून जास्त हवाच असते. दुसरा पॉलियुरेथेनचा फेस, धंद्यातल्या लोकांच्या तोंडी ‘पफ’. सारख्याच जाडीला पफ थर्मोकोलपेक्षा साधारण दीडपट उष्णता अडवतो आणि प्लास्टिकच्या दोन कवचांमध्ये भरलेला असल्याने झिजत नाही. थर्मोकोलच्या कडा चुरतात, झाकण सैल होते, दाण्यांच्या फटींत पाणी आणि मासळीचा वास मुरतो. तरी कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत तीच पेटी सगळीकडे दिसते. तिची किंमत पाहता ते योग्यच आहे.

जाडीचा फरक हिशेबाने कळतो. आतून ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २५ खोल म्हणजे ३० लिटरची थर्मोकोलची पेटी घेतली आणि तिची भिंत अडीच सेंटिमीटर धरली, तर बाहेर दिवसरात्र सरासरी ३० अंश असताना भिंतींतून शिरणारी उष्णताच २४ तासांत ढोबळमानाने ६ ते ८ किलो बर्फ वितळवते. भिंत ५ सेंटिमीटर केली की नासाडी जवळपास निम्म्यावर येते. अमेरिकेत २००६ साली ‘येती’ कंपनी निघाली आणि तिथून जाड भिंतींच्या महागड्या पेट्यांची लाट आली. त्यांच्या दणकट कवचाचे, बिजागऱ्यांचे आणि नावाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. बर्फ मात्र टिकतो तो फेसाची जाडी आणि झाकणाची घट्ट बसण यांमुळेच.

झाकणात बहुतेक स्वस्त पेट्या फसतात. बाजूच्या भिंतींत फेस असतो, झाकण मात्र नुसते पोकळ प्लास्टिक. बोटाने वाजवून पाहिले की आवाजावरून कळते. फट तपासायची तर कागदाची पट्टी झाकणात धरून पेटी बंद करावी आणि पट्टी ओढावी. ती अलगद निघाली तर तिथून हवाही निघणार. पोकळ झाकणाच्या आतल्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा बसवला, तर कमी पैशात चांगला फरक पडतो. थर्मोकोलच्या पेटीच्या सांध्यावर खाकी टेप मारली तरी पुष्कळ काम होते. मात्र दर तासाला टेप सोडावी लागणार असेल तर त्यात अर्थ नाही.

भरताना सगळ्यात जास्त बर्फ खाते ती आतल्या वस्तूंचीच ऊब, आणि तिकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पाण्याच्या एक लिटरच्या १० बाटल्या ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला ३ किलोहून अधिक बर्फ खर्ची पडतो. त्याच बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवल्या तर हा बर्फ वाचतो. पेटीही उन्हात तापलेल्या गाडीतून काढून लगेच भरू नये. रात्रभर तिच्यात थोडा बर्फ ठेवून सकाळी तो फेकावा आणि मग खरा माल भरावा. प्रवास दिवसभराचा असेल तर मालाच्या दुप्पट बर्फ हे प्रमाण सुरक्षित. पेटी अर्धी रिकामी राहत असेल, तर ती पेटी त्या कामाला मोठी आहे. उरलेली पोकळी टॉवेलने किंवा चुरगाळलेल्या वर्तमानपत्राने भरली की झाकण उघडताना आत येणारी गरम हवा कमी होते.

लादी आणि चुरा यांची कामे वेगळी. चुऱ्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणून तो पटकन गार करतो आणि तितक्याच पटकन संपतो. लादी हळू वितळते. तळाशी आणि वर लादी, बाटल्यांच्या भोवती चुरा, अशी मांडणी दोन्हींचा फायदा देते. कारखान्याची लादी टोच्याने फोडण्याचा खटाटोप नको असेल, तर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत पाणी गोठवावे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून डबा काठोकाठ भरू नये. कारखान्याच्या लादीबाबत एक खबरदारी हवी. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. तसला बर्फ बाटल्यांच्या बाहेर चालेल, पेल्यात नाही.

मीठ घातले की बर्फ जास्त टिकतो, हा समज उलटा आहे. पॉट आइस्क्रीमच्या लाकडी बादलीत बर्फ आणि मीठ एकत्र करतात, तेव्हा तापमान उणे २० अंशांच्या आसपास उतरते. पण ते उतरते कारण मीठ बर्फाला झपाट्याने वितळायला लावते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आइस्क्रीमच्या डब्यातून ओढली जाते. आइस्क्रीम गोठवायचे असेल तर हे हवे, सहलीच्या पेटीत हा बर्फाचा नाहक खर्च.

वितळलेले पाणी काढावे की ठेवावे, याचे उत्तर माल पाहून द्यावे. ते पाणीही ० अंशाच्या जवळच असते. ते सोडून दिले की त्याची जागा गरम हवा घेते. बंद बाटल्या असतील तर पाणी राहू द्यावे. पनीर, मांस किंवा उघडे अन्न असेल तर पेटीच्या तळाचे बूच काढावे, नाहीतर सगळे त्या पाण्यात भिजते. मासळीत तर बर्फ वितळणेच उपयोगाचे. उष्ण हवामानात मासळी आणि बर्फ वजनाने सारखे घ्यावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. थरावर थर लावलेला चुरा वितळून खाली ओघळतो, मासळीच्या अंगाला थंडावा पोहोचवतो आणि चिकटा धुऊन नेतो. अशा पेटीला तळाशी भोक लागतेच.

पेटी कुठे ठेवली याचाही हिशेब मोठा. सावली हवीच, जमिनीचा ताप लागू नये म्हणून खाली दोन विटा किंवा लाकडी पट्ट्या हव्यात. विदर्भ-खानदेशाच्या कोरड्या उन्हाळ्यात पेटीवर ओले गोणपाट टाकले तर बाष्पीभवनाने पेटीचा पृष्ठभाग चांगलाच थंड राहतो. कोकणातल्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे कोरडी, जाड गोधडीच बरी. पाणी आणि जेवण यांच्या पेट्या वेगळ्या असाव्यात, कारण पाण्याची पेटी दर पाच मिनिटांनी कोणीतरी उघडणारच.

सगळ्यात काटेकोर वापर लसीकरणात होतो. आरोग्यसेविकेच्या खांद्यावरच्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये पाण्याने भरून गोठवलेले चार आइसपॅक असतात आणि आतले तापमान २ ते ८ अंश राखायचे असते. तिथे जास्त थंडीही घातक: पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस बीची लस गोठली की निकामी होते. म्हणून आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट भरत नाहीत. ते बाहेर मांडून ठेवतात आणि कानाशी हलवून पाहतात. आत पाणी खळखळल्याचे ऐकू आले की बर्फ ० अंशावर आला असे समजून मग पेटीत ठेवतात.

घरासाठी पेटी घेताना लिटरचा आकडा आणि रंग शेवटी पाहावा. आधी भिंतीची जाडी, मग फेस भरलेले झाकण, मग रबरी पट्टी आणि तळाचे बूच. दर आठवड्याला मासळी आणणाऱ्याला किंवा खानावळीचे डबे पोहोचवणाऱ्याला पफची पेटी परवडते. वर्षातून दोन सहली करणाऱ्या कुटुंबाला औषधांच्या घाऊक दुकानातून मिळालेली जाड थर्मोकोलची पेटी, खाकी टेप आणि चार किलो जास्तीचा बर्फ एवढे पुरते.