परक्या घरी ठेवलेली वही आणि तिची वर्गणी

वाचनालयाचे सभासद व्हावयास गेले म्हणजे ग्रंथपाल प्रथम काय विचारतात, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. 'कोणत्या वर्गाचे सभासद होणार?' वर्तमानपत्रे तेथेच टेबलाशी बसून वाचावयाची असतील तर सहसा कोणी पैसा मागत नाही. पुस्तक घरी न्यावयाचे म्हटले की अनामत आणि मासिक वर्गणी आली. एका वेळी दोन पुस्तके हवीत, शिवाय ताजे मासिकही हवे, तर वर्ग वरचा आणि वर्गणीही अधिक. पेणला काय, रोह्याला काय, ही पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही अन्याय आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु हीच पद्धत इंटरनेटवरच्या एखाद्या सोयीने सुरू केली की आपण रागावतो. 'इतकी वर्षे फुकट होते, आता पैसे कसले?' असे म्हणतो. हा राग कितपत रास्त आहे, आणि रागवायचेच असेल तर नेमके कशावर रागवावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत. उदाहरणादाखल आम्ही जी सोय घेतली आहे ती फार प्रसिद्ध नाही. पण तिच्यात माणसाचे अगदी स्वतःचे असे काही गुंतलेले असते, म्हणून ती घेतली. ती सोय म्हणजे वैयक्तिक विकी.

विकी हा शब्द आपल्याला विकिपीडियामुळे ऐकून माहीत आहे. तो मूळचा हवाई बेटांवरचा. त्याचा अर्थ झटपट. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने होनोलुलूच्या विमानतळावरील 'विकी विकी' नावाच्या बसगाडीवरून तो उचलला आणि १९९५ साली आपल्या संकेतस्थळास दिला. कल्पना साधी होती. पान वाचता वाचता तेथल्या तेथे दुरुस्त करता यावे, आणि एका पानावरील शब्दावर बोट ठेवताच त्या विषयाचे दुसरे पान उघडावे. या कल्पनेवर २००१ साली विकिपीडिया उभा राहिला आणि २००३ साली त्याची मराठी आवृत्ती निघाली. तो सर्वांनी मिळून लिहावयाचा. वैयक्तिक विकी मात्र एकट्याची वही असते. फरक इतकाच की कागदी वहीत मागचे-पुढचे शोधावे लागते, आणि हिच्यात प्रत्येक नोंद दुसऱ्या नोंदीशी दुव्याने बांधलेली असते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. एका नमुन्याच्या पानावर मूर्तीची उंची, साचा कोणाचा, शाडू किती लागला, आखणी कोणत्या हाताने केली, हे सर्व लिहिलेले आहे. साच्याच्या नावावर बोट ठेवले की तो साचा कधी घडवला आणि कोठे ठेवला आहे ते पान उघडते. गिऱ्हाइकाच्या नावावर ठेवले की त्याने गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या मूर्ती नेल्या ते दिसते. हमरापूर-जोह्याकडे हे ज्ञान आजवर वडीलमाणसांच्या डोक्यात आणि तेलकट झालेल्या हिशेबाच्या वह्यांत राहत आले. रोह्याकडच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने आसपासच्या डोंगरांतील रानभाज्यांची अशी वही केली, किंवा कोणी आपल्या घराण्याची वंशावळ आणि जुनी पत्रे तीत उतरवली, तर तीही याच जातीची. कागदाचे काय होते हे या जिल्ह्याला २६ जुलै २००५ च्या पुरानंतर समजावून सांगण्याचे कारण नाही.

तर ही वही ठेवावयाची कोठे? आपल्याच संगणकावर ठेवता येते. पण मग ती मुंबईस गेल्यावर उघडत नाही, पुण्यातल्या मुलाला दिसत नाही, आणि संगणक बिघडला की तिच्यासह जाते. म्हणून कोणी तरी 'आमच्याकडे ठेवा, आम्ही सांभाळतो' असे म्हणणारा पुढे येतो. परदेशांत अशा सेवा पुष्कळ निघाल्या. कित्येक तर एक-दोघा हौशी माणसांनी फावल्या वेळात काढल्या आणि प्रथम फुकटच चालवल्या. गोम येथेच आहे.

श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाची हकीकत येथे उपयोगी पडेल. १९१५-१६ च्या सुमारास नागपुरास त्यांनी ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून ग्रंथ छापून होण्याआधीच गिऱ्हाइके मिळवली, आणि १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड पुरे केले. 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात त्यांनी या खटाटोपाचा इतिहास स्वतःच लिहून ठेवला आहे. ज्ञान फुकट तयार होत नाही हे त्यांनी महाराष्ट्राला संकोच न बाळगता सांगितले. या प्रामाणिकपणाचे आम्हांस त्यांच्या विद्वत्तेइतकेच कौतुक वाटते. परंतु केतकरांच्या गिऱ्हाइकाने पैसे दिले, खंड घरी नेले, कपाटात लावले, की व्यवहार संपला. पुढे खंडांना वाळवी लागू नये ही काळजी गिऱ्हाइकाची. आंतरजालावरच्या वहीचे तसे नाही. ती रोज सांभाळावी लागते. सर्व्हर नावाचे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचे, त्याला वीज आणि गारवा द्यायचा, तबकडी कधी तरी निकामी होणारच म्हणून दुसरी प्रत अन्यत्र ठेवायची, चोर शिरू नये म्हणून प्रणालीतील भोके वेळोवेळी बुजवायची, संकेतस्थळाच्या नावाचे शुल्क दर वर्षी भरायचे. आणि 'माझा परवलीचा शब्द हरवला' असे लिहिणाऱ्यास उत्तर कोणी द्यायचे? खर्च दर वर्षीचा असल्यामुळे किंमत एकदा घेऊन भागत नाही, वर्गणीच घ्यावी लागते.

आता वर्ग का पाडावयाचे, हा पुढचा प्रश्न. थोडा हिशेब करू. संगणकात रोमन अक्षराला एक बाइट जागा लागते. आपल्या देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेलाही, आजच्या सर्वमान्य पद्धतीत, तीन लागतात. मराठी लिहिणाऱ्यास हा जणू तिप्पट कर आहे असे वाटेल. पण घाबरण्याचे कारण नाही. अठराशे चिन्हांचे भरगच्च पान धरले तरी ते पाच-साडेपाच हजार बाइटांत बसते. उलट मोबाइलने काढलेला एक फोटो सहज तीस लाख बाइटांचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत सुमारे साडेपाचशे पाने मावली! ज्याची वही नुसती अक्षरांची आहे, त्याने जन्मभर लिहिले तरी ठेवणाऱ्याच्या कोठीत कोपराही भरत नाही. आणि आमच्या मूर्तिकाराने तीनशे नमुन्यांचे चारी बाजूंनी फोटो ठेवले तर बाराशे फोटोंची जागा एकदम लागते. या दोघांस एकच वर्गणी लावणे म्हणजे लिहिणाऱ्याने फोटोवाल्याचे भाडे भरणे होय. यास्तव जागा, वह्यांची संख्या, जुन्या आवृत्त्या किती मागेपर्यंत जपावयाच्या, स्वतःच्या नावाचा पत्ता हवा की नको, अशा गोष्टींवर वर्ग ठरतात. खालचा वर्ग बहुधा फुकट ठेवतात. त्यात दानत असते आणि व्यापारही असतो. फुकट आलेल्यांतले काही पुढे वर्गणीदार होतात, आणि मूठभर वर्गणीदारांच्या पैशांवर बाकीच्यांची वही चालते. वाचनालयाच्या वर्तमानपत्रांचे बिलही असेच चुकते होते.

येथवर कोणी रागवावे असे आम्हांस काही दिसत नाही. मात्र एक वर्गवारी आम्हांस पटत नाही. काही ठिकाणी फुकट वर्गातील वही जगास उघडी असते आणि ती झाकावयाची असेल तर वरचा वर्ग घ्यावा लागतो. खोली लहान द्या, खिडकी नसली तरी चालेल, पण दाराला कडी असावी की नाही?

खरी भीती निराळीच आहे. विकीस्पेसेस नावाची सेवा २००५ साली निघाली. शिक्षकवर्गात ती विशेष प्रिय होती. वर्गावर्गांच्या वह्या तेथे होत्या. २०१८ च्या आरंभी चालकांनी जाहीर केले की यंत्रणा जुनी झाली, ती नवी करण्याचा खर्च परवडत नाही, आता बंद करतो. बंद करण्याच्या तारखा वर्गवार लावल्या हे पाहण्यासारखे आहे. फुकट वह्या जुलै २०१८ अखेर बंद झाल्या, वर्गणीच्या वह्यांस सप्टेंबरअखेर मुदत मिळाली, आणि सर्वांत वरच्या वर्गास जानेवारी २०१९ पर्यंत. पैसे देणाऱ्यासही वही कायमची मिळाली नव्हती. त्याला सामान हलवावयास थोडे अधिक दिवस मिळाले एवढेच. ज्यांचे लक्ष नव्हते त्यांची वही गेली.

दुसरे उदाहरण जरा बऱ्या वागणुकीचे आहे. एव्हरनोट या टिपणांच्या प्रसिद्ध सेवेने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वर्गास एक वही आणि पन्नास टिपणे अशी मर्यादा घातली. पुष्कळांना ती जाचक वाटली, आणि पन्नास हा आकडा आम्हांसही कृपण वाटतो. परंतु ज्यांची टिपणे आधीच जास्त होती त्यांना ती वाचण्याची, दुरुस्त करण्याची व बाहेर नेण्याची मुभा ठेवली. बंदी फक्त नवी भर घालण्यास. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण थांबवली तेव्हाही त्या तारखेपूर्वी त्या सवलतीत चढवलेले फोटो हिशेबात धरले नाहीत. घरमालकाने भाडे वाढवणे आणि भाडेकरूचे सामान अडकवून ठेवणे यांत जो फरक आहे तो हाच.

दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू परत न मिळणे म्हणजे काय, हे पेणकरांना आम्ही काय सांगावे! २०१० साली येथील एका सहकारी बँकेचे व्यवहार थांबले आणि कष्टाचे पैसे ठेवलेली हजारो घरे वर्षानुवर्षे दारोदार फिरत राहिली. तेथे कायद्याने विम्याची मर्यादा तरी होती. ती तेव्हा १ लाख रुपये होती, २०२० पासून ५ लाख झाली. वहीला तसला कोणताही विमा नाही. तेव्हा वर्गणी किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की माझी संपूर्ण वही, दुव्यांसकट आणि फोटोंसकट, मला हवी तेव्हा उतरवून घेता येते काय? आणि ती उतरवलेली प्रत त्या चालकाच्या यंत्राविना उघडते काय? जेरेमी रस्टन यांनी २००४ साली काढलेल्या टिडलीविकीत अख्खी वही एकाच फाइलीत असते. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते, पेन ड्राइव्हवर घालून खिशातून नेता येते. अशी वही परक्याकडे ठेवली तरी किल्ली आपल्याजवळ राहते. हा हक्क सर्वांत खालच्या, फुकट वर्गासही असला पाहिजे. तो वरच्या वर्गात टाकून विकणारा चालक दिसला तर तेथे मात्र खुशाल रागवावे, आणि वही दुसरीकडे न्यावी.

रोह्याच्या एका श्रोत्याने आम्हांस विचारले, 'वर्गणी भरायची राहिली तर?' प्रश्न मोठा मार्मिक आहे, कारण हल्ली वर्गणी बुडते ती बहुधा नकळत. या सेवा परदेशी. वर्गणी डॉलरमध्ये, तीवर आपल्याकडे १८ टक्के वस्तू व सेवा कर, आणि पैसे कार्डावरून आपोआप वळते होतात. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव १९४३ साली ज्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तिने ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप वसुलीस शिस्त लावली. पैसे कापण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी कळवावयाचे, ग्राहकाची संमती आधी नोंदवून घ्यावयाची, आणि ठरावीक रकमेपुढे प्रत्येक वेळी नवी मंजुरी हवी. ही रक्कम आधी ५ हजार रुपये होती, २०२२ मध्ये १५ हजार केली. नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे. पण त्या वेळी अनेक परदेशी सेवांची वसुली अडली, आणि कित्येकांना आपली वर्गणी थांबल्याचा पत्ता उशिरा लागला. म्हणून वर्ग निवडताना हेही वाचून पाहावे, की वर्गणी थांबल्यावर वही लगेच पुसतात, कुलूपबंद करतात, की फुकट वर्गात उतरवून निदान वाचू देतात. तिसरी रीत आम्हांस योग्य वाटते. वाचनालय थकबाकीदारास नवे पुस्तक देत नाही. पण त्याची अनामत गिळूनही टाकत नाही.

मासिक वर्गणी घ्यावी की वार्षिक, हा शेवटचा मुद्दा. वार्षिक घेतल्यास बहुतेक ठिकाणी थोडी सूट मिळते. नोकरदारास दोन्ही सारखेच. आमच्या मूर्तिकाराचे तसे नाही. त्याचे हात वर्षभर मातीत असतात आणि पैसा मुख्यतः गणपतीच्या सुमारास येतो. चैत्र-वैशाखात, माल तयार होत असतो आणि हातात काही नसते, तेव्हा दर महिन्याची लहानशी रक्कमही चुकण्याचा संभव. त्याने वार्षिक वर्गणी घ्यावी आणि ती गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात भरावी. त्याच दिवशी वहीची प्रत उतरवून एक कारखान्यात आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. म्हणजे पुढच्या सालच्या साच्यांची नोंद सुरू करावयास तो मोकळा.