स्टार्ट मेनूतील फोल्डर दिसेनासे झाल्यास

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांमध्ये सांबा भाताचा पीक विमा उतरवण्याची मुदत साधारणतः नोव्हेंबरच्या मध्याला संपते. अखेरच्या दिवसांत तंजावर जिल्ह्यातील सेवा केंद्रांसमोर शेतकऱ्यांच्या रांगा लागतात. अशा वेळी पावती छापली जात नसेल आणि दुरुस्तीची साधने असलेला फोल्डरच स्टार्ट मेनूत सापडत नसेल, तर सारे काम खोळंबते.

या भागातील गावांना संगणक नवा नाही. इस्रो आणि एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान यांनी 2004 मध्ये सुरू केलेल्या ग्राम संसाधन केंद्रांमध्ये तिरुवैयारूचा समावेश होता. मात्र फोल्डर दिसेनासा झाला की संगणक बिघडला, असा समज आजही अनेक ठिकाणी आढळतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

स्टार्ट मेनू ही केवळ सूची आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या सूचीतील एखादे पान फाटले, म्हणून कपाटातील पोथी नाहीशी होत नाही. त्याचप्रमाणे मेनूतील नोंद गेली तरी मूळ प्रोग्रॅम सहसा जागेवरच असतो.

नोंद न दिसण्याचे पहिले कारण म्हणजे बदललेली मांडणी. विंडोज 7 मध्ये 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स' हा फोल्डर मुळातच स्टार्ट मेनूत दाखवला जात नसे. टास्कबारच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'स्टार्ट मेनू' या भागात 'कस्टमाइझ' निवडून तो दाखवण्याची सूचना द्यावी लागे. विंडोज 10 मध्ये हा फोल्डर 'विंडोज अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स' या नावाने मेनूत आला, तर विंडोज 11 मध्ये त्याचे नाव 'विंडोज टूल्स' झाले. जुन्या नावाने शोधणाऱ्यास तो हरवल्यासारखा वाटतो. मेनूत तो न आढळल्यास कंट्रोल पॅनेलमध्ये पाहावे. छपाई अडली असल्यास याच फोल्डरमधील 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' पुन्हा सुरू करता येतो.

'डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स' यांसारखे फोल्डर दिसत नसतील, तर विंडोज 10 आणि 11 मध्ये 'सेटिंग्ज', 'पर्सनलायझेशन', 'स्टार्ट' या क्रमाने जावे. तेथे कोणते फोल्डर दाखवावेत हे ठरवता येते.

दुसरे कारण म्हणजे नोंदी खरोखरच पुसल्या जाणे. 13 जानेवारी 2023 रोजी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या एका सदोष अद्ययावत संचामुळे अनेक कार्यालयांतील संगणकांवरील शॉर्टकट पुसले गेले. मूळ प्रोग्रॅम मात्र शाबूत होते. नोंदी परत आणण्यासाठी मायक्रोसॉफ्टला नंतर वेगळी सोय करून द्यावी लागली.

तिसरे कारण विषाणूचे. 2011 च्या सुमारास, हार्ड डिस्क बिघडल्याचा खोटा इशारा देऊन पैसे उकळणारे काही प्रोग्रॅम पसरले होते. ते फाइली अदृश्य करीत आणि स्टार्ट मेनूतील नोंदी तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये हलवीत. घाबरून तो फोल्डर रिकामा करणाऱ्यांच्या नोंदी कायमच्या गेल्या. म्हणून कारण समजेपर्यंत काहीही पुसू नये, हा पहिला नियम होय.

नोंदी प्रत्यक्षात दोन ठिकाणी असतात. सर्व वापरकर्त्यांसाठीच्या नोंदी सी ड्राइव्हवरील 'प्रोग्रॅमडेटा' फोल्डरमध्ये, तर एकाच वापरकर्त्याच्या नोंदी त्याच्या नावाच्या फोल्डरमधील 'अॅपडेटा' आणि त्यातील 'रोमिंग' येथे असतात. दोन्हीकडे पुढे 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'स्टार्ट मेनू' असा क्रम लागतो. 'प्रोग्रॅमडेटा' आणि 'अॅपडेटा' हे फोल्डर एरवी लपलेले असतात. फाइल एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' निवडल्यावर ते दिसू लागतात. नोंद तेथेही नसेल, तर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये मूळ प्रोग्रॅम शोधून, त्यावर माऊसची उजवी कळ दाबून 'पिन टू स्टार्ट' निवडावे. प्रोग्रॅमही नसेल, तरच तो पुन्हा बसवावा.

संगणक 'फॉरमॅट' करणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. त्यात शेतकऱ्यांचे जतन केलेले अर्ज आणि पावत्या नष्ट होण्याचा धोका असतो. त्याऐवजी सर्व काही सुरळीत असतानाच या दोन्ही ठिकाणच्या 'स्टार्ट मेनू' फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी. ऐन मुदतीच्या दिवशी ती उपयोगी पडते.