जास्वंद : कूळ आणि लागवड
भेंडी, कापूस व अंबाडी यांची सगोत्र असलेली, लिनियसने १७५३ साली शास्त्रीय दप्तरात नोंदविलेली आणि मलेशियाने १९६० साली राष्ट्रपुष्पाचा मान दिलेली जास्वंद आपल्याकडे बहुधा गणपतीच्या पूजेतील तांबड्या फुलापुरतीच ओळखली जाते. तिचे फूल सामान्यतः एकच दिवस टिकते. परंतु पाकळ्यांच्या मध्यातून बाहेर झेपावणारी, पुंकेसरांनी वेढलेली आणि अग्रभागी पाच कुक्षी मिरविणारी ती नलिका ज्याने एकदा निरखून पाहिली, त्यास या अल्पायुष्याची तक्रार करावीशी वाटत नाही. बागेतील जातींना बी क्वचितच धरत असल्यामुळे अभिवृद्धी छाट कलमानेच करण्याचा रिवाज आहे : पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची पक्व फांदी निचऱ्याच्या मातीत रोवावी आणि पाणी साचणार नाही असा चोख बंदोबस्त ठेवावा. पुढे ऊन मात्र मुबलक हवे. कळ्या नव्या फुटीवर येत असल्याने, छाटणीस कचरणाऱ्या हौशी मंडळींच्या वाट्यास फुलांपेक्षा पालाच अधिक येतो, हे ओघानेच आले. पिठ्या ढेकूण दिसताच बाधित शेंडे तोडून नष्ट करावेत; हयगय झाल्यास मुंग्या त्या किडीचा झाडभर प्रसार करतात.