हिरडी ओसरणे व दंतग्रीवेची झीज

हिरडीची कड दाताच्या मानेवरून (ग्रीवेवरून) मुळाच्या दिशेने सरकून मूळ उघडे पडणे, या विकृतीला हिरडी ओसरणे म्हणतात. मुळावरील संधानकाचा थर मानेजवळ अतिशय पातळ असल्याने तो लवकर घासला जातो. आतील दंतिन झिजते व मानेशी पाचरीच्या आकाराची खाच पडते. दंतिनातील सूक्ष्म नलिकांमधील द्रव हलल्याने थंड पाणी, वारा अथवा आंबट पदार्थ लागताच कळ येते.

दात आडवे व जोराने घासणे, टणक ब्रश, राखुंडी, मुळातच पातळ असलेली हिरडी, ओळीबाहेरचा दात व हिरडीचा दाह ही प्रमुख कारणे होत. महाराष्ट्रात मिशरीचा विचार वेगळा करावा लागतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रिया, बोटाने दातांना लावतात. ती दंतमंजन समजली जाते, परंतु ती तंबाखूच होय. तिचे व्यसन जडते व मुखकर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णाच्या तोंडातील पांढरे चट्टे व न भरणारे व्रण आधी तपासतात. मिशरी चालू असताना शस्त्रक्रियेचे यश अनिश्चित राहते.

खाच भरावी की हिरडीने झाकावी, हा निर्णय ती दाताच्या कोणत्या भागात आहे यावर अवलंबून असतो. बहुधा तिचा काही भाग शिखरावर व काही मुळावर असतो. शिखराचा भाग हिरडीने कधीच झाकला जात नाही; तो रेझिन संमिश्राने भरतात. मुळाचा भाग हिरडीसाठी राखून ठेवावयाचा असतो. संपूर्ण खाच सरसकट भरल्यास दात लांबट दिसतो आणि पुढे हिरडी पूर्वस्थानी आणणे अवघड होते. ही चूक व्यवहारात वारंवार आढळते. एनॅमलची मूळ सीमारेषा झिजून गेली असल्यास शेजारच्या दातांमधील हिरडीच्या उंचीवरून ती ठरवितात. दातांमधील हाड शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा असते. ते झिजले असल्यास आच्छादन अंशतःच होते. पी. डी. मिलर यांचे १९८५ चे वर्गीकरण प्रामुख्याने याच तत्त्वावर आधारलेले आहे.

शस्त्रक्रियेत हिरडी सैल करून शिखराकडे ओढून शिवतात. हिरडी पातळ असल्यास टाळूतून काढलेला संयोजी ऊतकाचा पातळ तुकडा तिच्याखाली बसवितात. या कलमाची एक पद्धत बी. लँगर व एल. लँगर यांनी १९८५ मध्ये वर्णिली. टाके सुमारे १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर त्या जागी ब्रश न लावता क्लोरहेक्झिडिनाच्या द्रवाने चुळा भरावयाच्या असतात.

रायगड जिल्ह्यात कामोठे येथे दंत महाविद्यालय आहे. तथापि कर्जत-खालापूर भागातील कुंभिवलीसारख्या गावच्या रुग्णाला अशा उपचारासाठी अनेक फेऱ्या कराव्या लागतात. ते शक्य नसेल व कळ हीच मुख्य तक्रार असेल, तर काच-आयनोमर सिमेंटाचे भरण पुरेसे ठरते. ए. डी. विल्सन व बी. ई. केंट यांनी विकसित केलेले हे सिमेंट दाताला रासायनिक रीत्या चिकटते व फ्ल्युओराइड सोडते. घासण्याची पद्धत न बदलल्यास मात्र तेही झिजते.